दोन बटणांचा दिवा

आमच्या परसातल्या दिव्याला दोन बटणं. एक माझ्या मागच्या दाराशी, दुसरं थोरल्या जाऊबाईंच्या. मधे विहीर, आणि विहिरीजवळच्या खांबाला तो दिवा. ही बटणं मी बसवली म्हटलं तर सुना हसतात. हसू देत. मीच बसवली.

आधी बटण एकच होतं, जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात. घर एक, लांबलचक. या टोकाला आमची चूल, त्या टोकाला त्यांची. मासळीवाली यायची तिन्हीसांजेला. बोंबील साफ करायला विहिरीवर जावं तर काळोख. मी दारातून ओरडायची, "वैनी, दिवा लावा!" की त्या फोडणी सोडून धावायच्या. एकदा पायरीवर फुरसं निघालं, तेव्हा म्हणाल्या, "गावभर फ्यूज बांधत फिरतेस, इस्त्र्या उघडतेस, आणि एक बटण तुझ्या दाराशी आणायला जमायचं न्हाय तुला?"

आता मला वीज कोणी शिकवली? कोणी नाही. सातवीनंतर शाळा सुटली माझी. भाचा सुट्टीत यायचा, त्याचं विज्ञानाचं पुस्तक मीच वाचायची. त्यातून पहिलं कळलं ते हे, की विजेला जायला वाट लागते तशी परत यायलाही लागते. सेलच्या एका टोकातून निघाली, बल्बातून गेली आणि दुसऱ्या टोकाला पोचली, तरच दिवा पेटतो. वाट कुठे तुटली की सगळं थांबलं. आणि बटण म्हणजे तरी काय? मुद्दाम तोडून ठेवलेली वाट. दाबलं की जुळते.

दोन बटणांचं मात्र डोकं खाणारं होतं. अलिबागला दुकानात गेले, जिन्यातल्या दिव्याला लावतात तसली बटणं मागितली. दुकानदार म्हणाला, "मावशी, घराला माडी आहे वाटतं?"

म्हटलं, "माडी न्हाय हो, जाऊ हाय."

आधी ओटीवर टॉर्चचे सेल आणि टॉर्चचा बल्ब घेऊन जोडून बघितलं. या दोन बटणांच्या मधे दोन तारा जातात. प्रत्येक बटण त्यातली एक तार धरतं. दोघांनी एकच तार धरली तर उजेड, वेगवेगळ्या धरल्या तर काळोख. म्हणून या बटणाला चालू-बंद असं काही नसतं. साधं बटण खाली म्हणजे चालू, हे आपल्या बोटांना ठाऊक. इथे खाली असून दिवा विझलेला असेल, वर असून पेटलेला. पलीकडच्याने काय केलंय त्यावर सगळं. दिव्याकडे बघावंच लागतं.

मग मेन स्विच पाडून खऱ्या तारा ओढल्या. मी विहिरीशी उभी राहिले, त्या आत बटणाशी.

"पेटला का गो?"

"व्हय वैनी, पेटला!"

मग काय, लहान पोरीसारख्या टकाटक दाबत सुटल्या. मी म्हटलं, "बल्ब घालवाल!" तर आतून म्हणतात, "गेला तर तुझा नवरा आणील!"

बरीच वर्षं तशीच गेली. संध्याकाळी मी लावायची, सकाळी त्या विझवायच्या. कधी ठरवलं नव्हतं.

मग मांडव्याकडनं बंगलेवाले जमिनी बघत आमच्यापर्यंत आले. सुपारीची वाडी विकायची म्हणाले भावजी, नाही म्हणाले आमचे हे. वाडी राहिली बाजूला, भावाभावांचं बोलणं तुटलं. मीटर वेगळे झाले. आणि बायकांनीही त्या दारात जायचं नाही असा हुकूम निघाला. परसातला दिवा आमच्या मीटरवर आला, पण जाऊबाईंचं बटण तसंच राहिलं. बोलणं नव्हतं तरी सकाळी दिवा विझलेला दिसला की मला बरं वाटायचं. उठल्या म्हणायच्या.

पुढे एक वर्ष असं आलं की दिवा भर दुपारी जळत असायचा. मी विझवावा, तर थोड्या वेळाने परत चालू. संध्याकाळी मी लावावा, तर विझलेला. यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "बिल आपल्याला येतं म्हणून मुद्दाम करतात."

"असतील विसरत," मी म्हटलं. "एका दिव्याने काय होतंय?"

मी माहेरी लग्नाला गेले होते तेवढ्यात यांनी वायरमन बोलावला आणि जाऊबाईंच्या बटणाच्या तारा तोडून टाकल्या. परत आले त्या संध्याकाळी विहिरीवर होते. त्यांच्या दारातून आवाज आला. टक. टक. जरा थांबून पुन्हा टक. दिवा काही हलला नाही. मग दार लागलं.

त्याच साली त्या मुलाकडे पनवेलला गेल्या. काही दिवसांनी पुतण्याचा फोन आला. काचबिंदू. दोन्ही डोळे. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर येत नाही, वर्षभर आधी आणायला हवं होतं.

फोन ठेवला आणि माझ्या डोळ्यांसमोर तो दुपारचा दिवा आला. त्यांना दिवा दिसतच नव्हता, भर दुपारीही अंधारून आल्यासारखं वाटत असणार. त्या बोटांवर चालत होत्या, खाली म्हणजे चालू, वर म्हणजे बंद. मी इकडून एकदा दाबलं की त्यांचं सगळं उलटं व्हायचं. वर्षभर तो दिवा सांगत होता की बाईचे डोळे चाललेत. भावजी पहाटेच वाडीत जाणारे, त्यांना काय कळणार? यांना तर त्यात फक्त भावाचा राग दिसत होता. त्या बटणाची रीत कळणारी घरात एकटी मी, आणि मलासुद्धा वाचता आलं नाही.

आता दोघे भाऊ नाहीत. हे गेल्यावर मी त्या दोन तारा शोधून पुन्हा जोडल्या. यंदा गणपतीला जाऊबाई आल्या. संध्याकाळी त्यांना त्यांच्या मागच्या दाराशी घेऊन गेले. भिंत चाचपत म्हणाल्या, "माझं बटण तूच तोडलंस, असं धरून बसले होते गो मी."

गेलेल्या माणसाचं नाव कुठे घेऊ? मी त्यांचा हात धरून बटणावर ठेवला. "मी कशी तोडीन, वैनी? हे बघा, हाय."

एवढा वेळ दिवा मीच लावून ठेवलेला होता, ते माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. त्यांनी दाबलं. टक. परसात काळोख झाला.

तोंड दिव्याकडे करून त्यांनी विचारलं, "पेटला का गो?"

"व्हय वैनी," मी म्हटलं, "पेटला."