हात जोडले की लपणारी गाठ

आईच्या उजव्या हाताच्या पाठीवर बोराएवढी निळसर गाठ आली होती. हात खाली सोडला की फुगायची, वर घेतला की विरून जायची. दवाखान्यात ती दोनदा दाखवून आली. दोन्ही वेळा "कुठंय गाठ?" म्हणून परत पाठवलं. तिसऱ्यांदा मी सोबत गेले, तर आई डॉक्टरांसमोर सगळा वेळ छातीशी हात जोडून उभी.

"आई, हात खाली सोड की!"

"अगं, मोठी माणसं आहेत ती."

"मी पण बी.ए. झालेय. ऐक माझं."

तिनं हात सोडला आणि गाठ हळूहळू भरून आली.

शहरातले सर्जन म्हणाले, "शीर एका जागी फुगलीय. क्वचित होतं असं. तेवढा भाग काढून टाकू."

आईनं एकच विचारलं, "सुई धरता येईल ना?" ती गोधड्या शिवते. त्या सुईवरच मी घरातली पहिली पदवीधर झाले.

आमच्या घरानं अशी किती दुखणी हात जोडून लपवली असतील, असं परतीच्या बसमध्ये मनात येत राहिलं. पण खरं सांगते, वाईट नाही वाटलं. आईचा तो मोकळा सोडलेला हात मला फार आवडला होता.

टाके काढायच्या दिवशी हात न्याहाळत आई सर्जनना म्हणाली, "टाके बरे आहेत, पण लांब लांब घातलेत हो."

"मग कसे घालायचे, मावशी?" ते हसले.

आईनं हवेतच सुई धरून दाखवली. ते टाका बघत होते, मी तिची चिमटी. घट्ट जुळली होती.