बांधीत उतरवलेली जीप

“आग तणसानं लागली, जीपनं नाई. अन् तणस कोनं टाकलं? तुमी टाकलं.”

“चाक फसलं म्हनून टाकलं. पंधरा साल झाले, छकड्याच्या चाकाखाली तणसच टाकून राह्यलो मी. एक बार तरी छकडा जळला का?”

“छकड्याच्या पोटात इंजन असते का?”

“तेच तर म्हनतो मी, खुर्शीदा. जिच्या पोटात आग आहे, ते दारात बांधून निजायचं कसं?”

ओट्यावर बसलेला मुखरू तंबाखू मळता मळता थांबला. शेजारच्या नवराबायकोत तो नेहमी पंच म्हणून बसायचा, आणि दोघांचंही बरोबर आहे असं त्याला नेहमीच वाटायचं. गल्लीत चिंचेखाली जीप उभी होती. तिचा ड्रायव्हर बिरजू उकिडवा बसून काडीनं चाकातला चिखल खरवडत होता. जळक्या तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा वास अजून गेला नव्हता.

जीप लढाईतली. लढाई संपली तशी ती लिलावात निघाली, लिलावातून नागपूरच्या कुठल्याशा गॅरेजात गेली आणि तिथून जंगलाचे ठेके घेणाऱ्या गुणवंतरावांकडे आली. वरून लाल रंग फासला होता, पण पोपडे उडाले होते तिथून जुना हिरवा डोकावायचा आणि ऊन तिरपं झालं की बॉनेटवर एक पुसट तारा दिसायचा. गुणवंतराव ठेका आटोपून गडचिरोली सोडून चालले होते. त्यांचा निरोप साफ होता: दिवस मावळायच्या आत हो म्हणा, नाहीतर बिरजू तशीच गाडी वडशाला नेईल, तिथं गिऱ्हाईक बसलंय.

हो म्हणायचं म्हणजे बैलजोडी आणि छकडा दोन्ही विकायचे. त्याशिवाय जलालुद्दीन बांगडीवाल्याच्या घरात जीप येणार नव्हती.

नवऱ्याला बांगडीवाला म्हणायचे ते आपलं म्हणायला. तो बैल हाकायचा. बांगड्या भरायची खुर्शीदा. तेराव्या वर्षी लग्न होऊन आली आणि चौदाव्या वर्षी सासूनं तिला बाजारात बसवलं. सासू म्हणायची, “हात दाबू नको, बाईले हसव. हसली का हाड ढिलं पडते. तेवढ्यात चढवून घे.” तेव्हापासून खुर्शीदाची जीभ आणि अंगठा एकाच वेळी चालत आले होते. गडचिरोली, चातगाव, धानोरा, आणि मधल्या टोल्या-पाड्यांवरच्या बायका तिला त्यांच्या हातांवरून आठवायच्या. घरी ती नवऱ्याशी अर्धी हिंदी, अर्धी झाडीपट्टीची बोली बोलायची, पाड्यांवर दोन-चार शब्द गोंडीतले टाकायची, आणि भांडायला मात्र तिला झाडीचीच बोली लागायची.

एक गोष्ट तिला कधीच जमली नाही. स्वस्थ बसणं. छकड्यात पेट्या पेंढ्यावर ठेवलेल्या असायच्या, पेट्यांशेजारी तिची जागा असायची, आणि ती जागा रिकामी असायची. घरापासून दोन झाडं गेली की ती खाली उतरायची, बैलांच्या पुढं चालायची, पुढच्या झाडाखाली थांबून कमरेवर हात ठेवून वाट पाहायची. “बैल आहेत का गोगलगाई?” हे तिचं रोजचं. जलालुद्दीन हसून म्हणायचा, “बैलच आहेत. तुह्यासारखे असते तर कधीचे धानोऱ्यात पोचून वापस आले असते.”

मागच्या श्रावणापर्यंत हे हसण्यावारी जात होतं.

त्यांची लेक साबिरा धानोऱ्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, दुसरं रिवाजाप्रमाणे सासरी. निरोप आला तेव्हा पाऊस लागलेला होता. चातगावच्या पुढं नाला भरून वाहत होता, तो संध्याकाळपर्यंत उतरलाही. पण चिखल उतरला नाही. चाकं आसापर्यंत बुडायची. बैल सोडायचे, पेंढा घालायचा, पुन्हा जुंपायचे. खुर्शीदा पायी निघाली तर चातगावच्या लोकांनी अडवलं. त्याच आठवड्यात त्या रस्त्यावर वाघानं एक गुराखी नेला होता. धानोऱ्यात पोचली ती पाचव्या दिवशी. पोर दोन दिवस जगून गेलं होतं. साबिरा भिंतीला टेकून बसली होती. आईला पाहून ती रडली नाही, रागावली नाही. एवढंच म्हणाली, “बैल थकले असतीन, अम्मी. पाणी पाजलं का त्याइले?”

ते वाक्य खुर्शीदाच्या अंगातून अजून निघालं नव्हतं. आणि आता साबिराला पुन्हा सातवा महिना लागला होता. भादव्यात दिवस भरणार. आधीच जाऊन राहावं, तर पोरीच्या सासरी दोन महिने कोणती माय राहते? पोरीला इकडं आणावं, तर तिची सासू खाटेवरून उठत नव्हती.

म्हणून जीप हे नाव पहिल्यांदा खुर्शीदानंच काढलं होतं.

“बैल घेतो तशीच घ्या,” असं मुखरू आदल्या दिवशी बोलून बसला होता. “बाजारात दात पाह्यते, शेपूट पिळते, सारं खोटं असते. बैल बांधीत उतरवा. चिखलात कळते त्याचं पानी.” झाडीतल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आषाढ चालू होता, भाताच्या रोवणीसाठी बांध्यांमध्ये, बांध घातलेल्या खाचरांमध्ये, गुडघाभर चिखल केलेला होता. मुखरूनं आपली बांधी देऊ केली.

सकाळी बिरजूनं हात जोडले. “भाऊ, ये गाडी है, रेडा नहीं. साहब पूछेंगे तो क्या बोलूं?”

“बोल, बाई म्हने उतरव,” खुर्शीदा म्हणाली आणि त्याच्या शेजारी चढून बसली.

बिरजूनं खालचा छोटा दांडा ओढला. पुढची चाकंही फिरायला लागली. जीप बांध ओलांडून चिखलात शिरली, ढेकर दिल्यासारखा आवाज करत पार झाली. वाकून रोवणी करणाऱ्या बाया सरळ उभ्या राहिल्या. दुसऱ्या बांधीच्या कोपऱ्यात, जिथं पाणी साचून राहतं, मागचं चाक बसलं ते बसलंच. बिरजू जितका जोर देई तितकं ते आत जाई.

तेव्हा जलालुद्दीनच्या हातांनी जे पंधरा वर्षं केलं तेच केलं. बांधावर छकडा उभा होता. त्यातला बांगड्यांच्या पेट्यांखालचा कोरडा, खडखडीत पेंढा त्यानं कवेत घेतला आणि चारही चाकांखाली कोंबला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि विचारायला तो थांबला नाही. चाकांनी पेंढा धरला, जीपनं उसळी घेतली आणि बाहेर आली. बाया हसल्या. जलालुद्दीनही हसला. बैलाच्या पाठीवर थाप मारावी तशी त्यानं बॉनेटवर थाप मारली. खुर्शीदानं ते पाहिलं आणि मनातल्या मनात धानोऱ्याला पोचली.

आंब्याजवळ सडकेवर आले तोच खालून धूर निघाला. पेंढा फिरत्या दांड्याला गुंडाळला जाऊन तापलेल्या नळीला टेकला होता. बिरजू उडी टाकून खाली सरकला, ओंजळी भरभरून चिखल फेकला, शिव्या देत अर्धजळका पेंढा ओढून काढला. जळलं काहीच नाही. पण जलालुद्दीनचा चेहरा जो मिटला, तो दुपारपर्यंत उघडला नव्हता.

“भाबी, गाडी चिखलातून निघाली, एवढं खरं,” ओट्यावरून मुखरू म्हणाला.

जलालुद्दीन त्याच्याकडे वळला. “तू कोनाकडून आहेस?”

“मी माह्या बांधीकडून. तो कोपरा आता पुन्हा चिखलावा लागन.”

खुर्शीदाला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. दारापासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून दारापर्यंत तिच्या फेऱ्या चालूच होत्या. चिंचेची सावली जीपच्या चाकांवरून सरकून भिंतीला लागली होती.

“बैलाचा चारा रस्त्यावर उगवते,” जलालुद्दीन बोलू लागला. “हिचा चारा वडशावरून डब्यात येते. डबा नाई आला तर? जंगलात उभी राह्यली, तर तिले कोन हाकलन?”

“शिकान तुमी. बिरजू दोन हप्ते शिकवतो म्हनते.”

“काल शिकवलं ना. कुंपन समोर आलं तर मी बैलाले थांबवतो तसं हो-हो करून राह्यलो. पाय जागचा हालला नाई. बिरजूनं ब्रेक दाबला म्हनून कुंपन वाचलं.”

“वासरू होता तवा मोऱ्या तरी कुठी ऐकत होता तुमचं?”

हे नाव काढायला नको होतं. गोठ्यात मोऱ्या आणि चांद्या रवंथ करत उभे होते. मोऱ्याची माय मेली तेव्हा जलालुद्दीननं त्याला बोट चोखायला देऊन दुधावर आणलं होतं. गोठ्याच्या आत, भिंतीतल्या खुंटीवर दोन जुनी दावी टांगलेली होती, याआधीच्या जोडीची. बैल विकला तरी दावं द्यायचं नाही, गिऱ्हाइकाला नवी दोरी लावून द्यायचा, ही इथली रीत. दावं गेलं की घरची बरकत जाते म्हणतात. मुखरूच्या घरी अशी सात होती.

जलालुद्दीनचा आवाज खाली आला. “मोऱ्या गुनाबाईच्या दारात आपसूक थांबते. चैतूच्या टोल्यावर थांबते. तू पुढं निघून जाते, तुले मालूम नाई. तिथल्या बाया घुंगरू ऐकून हात धुऊन येते. जीप थांबन का तिथी? भर्रकन निघून जाईन. त्या बायाइले कोन भरन बांगड्या?”

खुर्शीदा थांबली. हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. गुणाबाईचा हात तिच्या डोळ्यांसमोर आला, डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग, अडीचच्या मापाची बांगडी. म्हणजे पंधरा वर्षं मागं राहून हा माणूस सगळं पाहत आला होता. तिला एकदम त्याच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं. पण बसली असती तर दिवस मावळला असता.

बाहेर बिरजूनं हँडल मारून इंजिन सुरू केलं. “भाऊ, मैं निकलूं? वडसा दूर है.”

“थांब जरा,” मुखरू ओरडला.

खुर्शीदा नवऱ्यासमोर उभी राहिली. आवाज चढवायचा नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि तो चढला नाही.

“गुनाबाईसाठी मी जीप थांबवीन. उतरून पायी जाईन. मले एकच सांगा. भादव्यात निरोप आला, तर तुमचे बैल कितव्या दिवशी पोचतीन?”

जलालुद्दीन उठला आणि गोठ्यात गेला.

आतून घुंगरांचा एक आवाज झाला, चालत्या बैलाचा नव्हे, कोणीतरी माळ हातात धरल्याचा. तो बाहेर आला तेव्हा दोन्ही बैल त्याच्यामागं होते. घुंगरांच्या माळा नव्हत्या. गळ्यात अंबाडीच्या कोऱ्या, पिवळ्या दोऱ्या होत्या. त्याच्या पाठीमागं, खुंटीवर आता चार दावी दिसत होती.

खुर्शीदानं ती मोजली नाही. एका नजरेत कळलं. तिला हवं तेच झालं होतं, आणि तिचे पाय, आयुष्यात पहिल्यांदा, जागचे हलेनात.

“जलालभाऊ, कुठी?” मुखरूनं विचारलं. “आज तर बाजार नाई.”

जलालुद्दीन जीपजवळून गेला. बिरजूनं इंजिन बंद केलं.

“साबिराचे अब्बा,” खुर्शीदा म्हणाली.

गल्लीच्या वळणावर मोऱ्या थबकला. मान उंचावून तो पुढं पाहत राहिला. घरातून निघालं की पुढं चालणारी बाई अजून पुढं आली नव्हती. जलालुद्दीननं मागं न पाहता दोरी ओढली, एकदा, मग पुन्हा एकदा, आणि तिघंही वळणाआड गेले.