नाही म्हणायची तालीम

"होऊन जाते नं जी!" हे म्हणेपर्यंत तो उठलेला असायचा. जाम गावच्या चौकात तुम्ही कधी थांबला असाल, तर हार्डवेअरच्या दुकानातून एका पायात चप्पल घालत मोटरसायकलकडे धावणारा पोरगा तुम्हीही पाहिला असेल. आता कोणी सहज "होऊन जाते" म्हणालं, तरी माझ्या अंगावर काटा येतो.

दुकान त्याच्या बापाचं. शेजारी माझं मेडिकल. बापाचा नियम एकच: "गिऱ्हाईकाले नाई म्हनाचं नाई. लक्ष्मी पाठ फिरवते." वस्तू नसली तर गिऱ्हाईकाला बसवायचं, चहा पाजायचा आणि पोराला हिंगणघाटला पिटाळायचं. एकदा कोणाला फवारणीच्या पंपाचं नोझल हवं होतं. या पठ्ठ्यानं घरच्या पंपाचं काढून दिलं! दुसऱ्या दिवशी स्वतःच्या शेतातली फवारणी खोळंबली आणि बाप रागावायचं सोडून खूश.

माझं उलट. चिठ्ठीशिवाय गोळ्या मागणाऱ्यांना नाही म्हणण्यात माझा अर्धा दिवस जातो, आणि खरं सांगतो, मला ते जमतंही. चौकात मी फटकळ म्हणूनच ओळखला जातो. तो म्हणायचा, "काका, तुमी इतकं सहज नाई कसं म्हनता? तो मानूस केवढा हिरमुसून गेला!"

हाच पोरगा पायलट झाला. चौकानं त्याचं नाव कप्तान ठेवलं. लायसन्स घेऊन गावी आला तेव्हा दोन नोकऱ्या चालून आल्या होत्या. एक मोठ्या एअरलाइनची, दुसरी एका सेठच्या छोट्या जेटवर. जो तो सल्ला देत होता, पानवाल्यानंसुद्धा दिला. कप्तान माझ्या बाकावर येऊन बसला.

"एअरलाइनमंदी कॉकपिटचं दार बंद असते, काका. मागं एवढी मानसं, पन एकाचं तोंड दिसत नाई. जेटमंदी सेठ नावानं हाक मारते. आपलं दुकानच वाटते मले."

"अरे बावा, तुले बंद दारच पाह्यजे," मी म्हणालो. "धुकं असलं तर तिथं कोनी येऊन खांद्यावर हात ठेवत नाई. हा सेठ ठेवन. मंग काय म्हनशीन?"

"नाई म्हनासाठी कॅप्टन साहेब हायेत नं. मी तं बाजूले बसनारा."

"अन् सेठनं तुलेच विचारलं तं?"

त्यानं ते हसण्यावारी नेलं. मग मी हट्टाला पेटलो. काउंटरमागून बाहेर आलो, सेठ झालो आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, लग्नाले उशीर होऊन राह्यला. चाल, उडव."

तो ताठ बसला. कानापर्यंत लाल झाला. "नाई, सर," एवढं म्हणाला, माझं पाडलेलं तोंड पाहिलं आणि लगेच विरघळला. "पन थांबा, पायतो काहीतरी."

औषधं घ्यायला आलेली माणसं पोट धरून हसली. मीही हसलो, पण ते हसू फार टिकलं नाही. त्यानं जेटच निवडलं.

हिवाळ्यात सुट्टीवर आला तेव्हा चौकाला किस्सा सांगत बसला. खाली सगळं धुक्यात. मोठा कॅप्टन म्हणत होता, परत फिरू. सेठ पुढं डोकावला, "हो जाएगा ना, बेटा?" आणि हा बोलून गेला, "हो जाएगा, सर." कॅप्टननं एकदा ह्याच्याकडं पाहिलं आणि विमान खाली नेलं. धावपट्टीचे दिवे अगदी शेवटी दिसले म्हणे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बापानं सगळ्यांना चहा सांगितला.

मी भडकलो. "गधड्या, हे काय मिरवाची गोष्ट हाये? दिवे दिसलेच नसते तं?"

त्यानं मान खाली घातली. "खरं हाये, काका. पुढच्या टायमाले नाई म्हनतो. आईशप्पथ."

बाप दुकानातून ओरडला, "काऊन बे, कोनाले नाई म्हनतं?"

संक्रांतीच्या आधी एका सकाळी चौकात असं धुकं उतरलं की समोरचं दुकान दिसेना. ट्रक दिवे लावून कडेला उभे होते. ड्रायव्हर निवांत चहा पीत होते, कोणाला घाई नव्हती. माझ्या डोक्यात एकसारखा तोच. फोन लावला, बंद. दुपारी पानवाल्याच्या टीव्हीवर बातमी आली. दूर कुठंतरी धुक्यात उतरताना सेठचं छोटं जेट डोंगराला धडकलं होतं. कोणी वाचलं नाही.

पट्टी दिसत नव्हती, तरी ते खाली का गेले, याची चौकशी चालू आहे.

बापानं बऱ्याच दिवसांनी दुकान उघडलं. वर दोरांची बंडलं लटकलेली असतात. गिऱ्हाईक विचारतं, "दोर हाये का जी?" तो म्हणतो, "नाई." गिऱ्हाईक वर पाहतं, त्याच्या तोंडाकडं पाहतं आणि निघून जातं.

संध्याकाळी शटर ओढून तो माझ्या बाकावर येतो. पोरगा बसायचा तिथंच बसतो आणि रोज एकच विचारतो.

"त्यानं नाई म्हनलं असन नं जी? तुमी शिकवलं होतं त्याले."

जन्मभर लोकांना तोंडावर नाही म्हणत आलो. ह्या माणसाला म्हणवत नाही.

"हो जी," मी म्हणतो. "म्हनलं असन."