मधे बसलेला खलनायक

आमच्या आप्पांनी आयुष्यातलं पहिलं ॲनिमे पाहिलं ते अडुसष्टाव्या वर्षी, आणि पाहताक्षणी खलनायकाची बाजू घेतली. मी खानापूरहून रोज बेळगावला नोकरीला जाते. रविवारी दुपारी जेवण झालं की लॅपटॉप लावून बसायचं, एवढीच माझी चैन. आप्पा हळूच शेजारी येऊन बसत, कारण कुठलीही भाषा कानावर पडली की त्यांना राहवत नाही. कार्टूनची मालिका जपानी, खालच्या ओळी इंग्रजी, आणि मी त्यांना ते सगळं मराठीत सांगायची.

गोष्ट अशी होती. एका नदीच्या दोन काठांना दोन जमाती. एक भला तरुण दोघांची भाषा शिकतो आणि भांडणं मिटावीत म्हणून दोघांना एकमेकांची भाषा शिकवतो. होतं उलटंच. शंभर वर्षं पलीकडचे आपल्याला काय काय म्हणत होते, ते दोन्हीकडच्यांना पहिल्यांदा कळतं आणि युद्ध पेटतं. त्या दिवशी तरुणाचे केस पांढरे होतात. मग तो जगातला आवाजच काढून टाकायचा बेत करतो.

"बरोबर हाय त्याचं," आप्पा म्हणाले.

"आप्पा, त्यो व्हिलन हाय."

"असंल. पण त्याची चूक कुठं झाली सांगू? त्यानं शिकवायलाच नको हुतं. मधी बसायला पायजे हुतं."

हे ते उगाच बोलत नव्हते. आप्पा तालुक्याच्या कचेरीत कारकून होते, आणि वीसेक वर्षं त्यांनी आमच्या पडवीत संध्याकाळी फुकट वर्ग चालवला. कन्नडवाल्यांना मराठी, मराठीवाल्यांना कन्नड. माणसांना एकमेकांचं बोलणं कळलं की ह्या सीमेवरचा निम्मा ताप उतरेल, असं त्यांचं ठाम मत. शिस्तही कडक. आमच्याकडे बायकासुद्धा 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. आप्पांच्या वर्गात मात्र बाईनं 'मी येते' म्हणायचं, नाहीतर उभं राहायचं. आई वर्गाकडे पाठ करून तांदूळ निवडत बसायची आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "मी निवडतो."

वर्ग बुडाला तो गल्लीतल्या दोन शेजाऱ्यांमुळे. एक मराठी, एक कन्नड. अठरा वर्षं एका भिंतीला राहिले. सकाळी हात जोडायचे, हसायचे, विषय संपला. दोघेही हौसेनं वर्गाला आले, दोघेही चांगले शिकले, आणि पंधरा दिवसांत गटारीवरून पोलिसांत गेले. प्रत्येकानं तक्रार दुसऱ्याच्या भाषेत लिहिली होती, त्याला नीट झोंबावी म्हणून. वाचून दाखवायला आप्पांना बोलावणं आलं. आप्पांनी दोन्ही तक्रारी वाचल्या, खिशातलं लाल पेन काढून शुद्धलेखन सुधारलं, घरी आले आणि फळा माळ्यावर टाकला.

आता हसू येतं. पण त्यानंतर कित्येक महिने ते घरात कामापुरतंच बोलले, आणि मला त्यांची भीती वाटायची.

यंदा माझ्या लग्नाची गोष्ट निघाली. मुलगा माझ्याच ऑफिसातला, बैलहोंगलचा, घरात कन्नड. आमचं दोघांचं पक्कं होतं. प्रश्न दोन आयांचा होता. आपली आई नको म्हणाली तर आपण लग्न करणार नाही, हे त्यानं मला आधीच सांगितलं होतं, आणि त्याबद्दल मला त्याचा रागही आला होता. त्यात माझ्या आईची जीभ म्हणजे लवंगी मिरची. तिचं कन्नड बाजारापुरतं, आणि त्याच्या आईला मराठीचं अक्षर येत नाही, असं तो म्हणाला.

मी आप्पांना म्हटलं, "तुम्ही मधी बसा, एकीचं दुसरीला सांगा." हे म्हणताना मला ते ॲनिमे बघताना आप्पा काय म्हणाले होते ते आठवायला हवं होतं.

मायलेक आले, पोहे झाले. आई गोड हसून म्हणाली, "जोंधळ्याच्या भाकरीवर वाढलेला जीव. आमचा भात पचंल का त्याला?"

आप्पांनी शांतपणे कन्नडमध्ये सांगितलं की आमच्या शेतातल्या तांदळाचं एक पोतं आम्ही तुम्हाला पाठवणार आहोत.

त्या बाई कन्नडमध्ये म्हणाल्या की घराला ओलीचा वास येतोय, मुलीला दमाबिमा नाही ना?

"म्हणत्यात, घर कसं थंडगार हाय," आप्पा आईला म्हणाले. "बसून ऱ्हावंसं वाटतंय."

"मासं बी खात न्हाईत म्हणं," आई तशीच हसत म्हणाली. "माझी पोर काय खाणार तिथं, शेंगाची चटणी?"

आप्पांनी कन्नडमध्ये सांगितलं की मुलीला शेंगाची चटणी फार आवडते.

मी आणि तो जमिनीकडे बघत बसलो. एका चुकलेल्या वेलांटीसाठी ज्यांनी माझ्याकडून पानभर शब्द गिरवून घेतले होते, ते माझे आप्पा दोन भाषांत धडधडीत खोटं बोलत होते, तेही शुद्ध व्याकरणात. केस तर त्यांचे आधीच पांढरे होते.

तासाभरात आई विरघळली. "बाई गुणाची दिसती," असं माझ्या कानात म्हणून ती कुंकवाचा करंडा घेऊन आली. बाईंनी कुंकू लावून घेतलं, पदर सारखा केला आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "तांदळाचं पोतं कधी देताय? नाहीतर मीच गाडी पाठवते."

"कसलं पोतं?" आई म्हणाली.

आप्पांचं तिकडे लक्षच नव्हतं. "पाठवते," ते पुटपुटले. "पाठवते म्हणालासा तुम्ही. कुठं शिकलासा?"

"इथंच, सर. ह्याच पडवीत, मागच्या रांगेत."

लग्नानंतर नवऱ्याची बदली खानापूरला झाली होती, तेव्हाची ती गोष्ट. त्यांची घरमालकीण रोज हसून काहीतरी म्हणायची. "मला वाटायचं, किती माया करते. दर सणाला मी तिला पुरणाची होळगी नेऊन देत होते. मग तुमचा वर्ग पुरा झाला, आणि ती काय म्हणते ते कळलं."

"मग वं?" आईनं विचारलं.

"होळगी बंद केली. मराठी येतं हे पुन्हा कुणाला सांगितलं नाही. ह्यालासुद्धा नाही."

मुलगा आपल्या आईकडे बघतच राहिला. आप्पांची मान खाली गेली. "म्हंजे चूक माझीच," ते म्हणाले.

"आज तुम्ही मधे बसलात ते मला बरं वाटलं, सर," बाई म्हणाल्या. "पण पोतं मी सोडणार नाही."

आता सगळे आईकडे बघायला लागले. भाकरी, मासे, चटणी, सगळं त्या बाईंना पोचलं होतं, हे तिलाही कळलं होतं. तिचे कान लाल झाले होते. तिला लाज वाटली की ती फणकारते, आणि माझं लग्न त्या एका गोष्टीवर अडलेलं. मला तर रडूच येणार होतं. आईनं करंड्याचं झाकण लावलं, ते लागेना म्हणून पुन्हा लावलं.

"जाडा देऊ का बारीक?" तिनं खाली बघत विचारलं.

कुणी बोलायच्या आत आप्पा सवयीनं बाईंकडे वळले. "दप्प अक्की बेका, सण्ण अक्की बेका?"

त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलं बरोबर भाषांतर, आणि त्याची गरज तिथं कुणालाच नव्हती.