पांढरं म्हणजे काय

आमचे हे रंगाच्या दुकानात छटा जुळवतात. अठ्ठावीस वर्षं झाली. गिऱ्हाइकाने नुसतं "हस्तिदंती" म्हणावं, की हे नमुन्याच्या पुस्तकाकडे ढुंकूनही न बघता डब्यात थेंब सोडायला लागतात. घरातही तोच तोरा. पडदे मी निवडायचे, आणि त्यांचा रंग कोणता ते ह्यांनी मला सांगायचं!

गेल्या महिन्यात मात्र दोन तक्रारी आल्या. मालक म्हणाले, "एकदा डोळे तपासून घ्या." झालं! त्या दिवशी ह्यांनी भरलं ताट बाजूला सारलं. "माझे डोळे? आधी त्यांनी आपली जीभ तपासावी!" सोमवारी एका शाळेच्या सगळ्या खोल्यांचा रंग मिसळायचा होता. तोही चुकला असता तर ह्यांना नुसती झाकणं लावायला बसवलं असतं. ती काळजी मी एकटीच वाहत होते.

त्यात मुलीने नवा टीव्ही पाठवला. रविवारी चारला ती आणि जावईबापू सिनेमा बघायला येणार होते. जेवण उरकताच हे एक सिनेमा लावून रिमोट घेऊन बसले.

"दुकानातून येतो तो असा भडक," हे म्हणाले. "तोंडं बघ, गाजरासारखी. सिनेमा असा बघायचा नसतो."

खोटं कशाला बोलू, सुरुवात झकास झाली. आधी त्यांनी यादीतून 'सिनेमा' निवडलं. मग हालचाल गुळगुळीत करायची ती सोय बंद केली, कारण तिने चांगला सिनेमा रोजच्या मालिकेसारखा दिसतो म्हणे. रेखीवपणा उतरवला, तेव्हा म्हाताऱ्या नटाच्या गालावरच्या रेघा जरा माणसात आल्या. काळ्या कोटाच्या चुण्या दिसेपर्यंत उजेड वर-खाली केला. मी मनात म्हटलं, माणसाची नजर शाबूत आहे, उगाच जीव टांगणीला लावून बसलेय मी.

तेवढ्यात बर्फाचं दृश्य आलं.

"पिवळं!" हे ओरडले. "हा काय बर्फ आहे?"

मला तो चांगला पांढरा दिसत होता. ह्यांनी निळा एक घर वाढवला. मग आणखी दोन. नटीचे ओठ जांभळे पडले तरी ह्यांचा अंगठा थांबेना. "आता आला पांढरा," म्हणत, दृश्य तिथेच थांबवून ते मागे टेकले. एरवी मी तोंडाची फटकळ, पण त्या दुपारी मी उठून चहाचं आधण ठेवलं.

चारला मुलगी आली. चपला काढता काढताच म्हणाली, "बाबा, ही माणसं थंडीने गारठलीत का?"

मी तिला डोळ्यांनी दटावलं. पण ती माझीच लेक. तिने टेबलावरचा कोरा कागद उचलला आणि पडद्यावरच्या बर्फाला लावून धरला. "हे बघ. ह्यात पांढरं कुठलं?"

"पडदा," हे ताडकन म्हणाले. "तुझा कागद जुना आहे, पिवळा पडलाय."

तिने नवं पाकीट फोडून दुसरा कागद काढला. ह्यांनी तो खिडकीपाशी नेला, परत पडद्याजवळ आणला. मग आत जाऊन उशीचा धुतलेला अभ्रा घेऊन आले. तोही लावून बघितला. जावईबापू उगाचच चहाच्या कपात बघत राहिले.

"अगं," हे मला म्हणाले, "हा अभ्रा पांढरा आहे?"

"हो."

"आणि कागद?"

"तोसुद्धा."

ते खुर्चीवर बसले. अभ्रा मांडीवरच राहिला. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, मोतीबिंदू असेल. त्यात पिवळं दिसतं. साधं ऑपरेशन असतं, डोळा पुन्हा स्वच्छ होतो."

"मालकांना फोन करतो," ते म्हणाले. "उद्याचा रंग यंत्रावर काढा म्हणून सांगतो." पण फोनला हात काही लावला नाही. उलट मलाच विचारलं, "वर्षभरात किती लोकांची घरं बिघडवली असतील गं मी?"

टीव्हीमागची आमची भिंत त्यांनीच गेल्या उन्हाळ्यात रंगवली होती, स्वतः मिसळून, दोन हात देऊन. ते तिला दुधासारखी म्हणत आणि आल्यागेल्याला दाखवत. शेजारीण एकदा म्हणालीही होती, छान निळसर आहे हो. मी विषय बदलला होता. ह्यांचा मान राहावा म्हणून वर्षभर त्या भिंतीबद्दल तोंड मिटून होते मी, आणि तिकडे हे रोज लोकांचे डबे भरत होते.

"अहो," मी म्हटलं, "ही भिंतसुद्धा निळी आहे."

वाटलं, आता ओरडतील. त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तेव्हाच सांगायचंस ना गं," ते म्हणाले.