शांतेचे दात

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. बोलणं त्या बाजूला वळलं की मी विषय बदलत आलो — धानाचा, तब्येतीचा, कशाचाही. आता वय झालं. विषय संपले.

वडशाजवळच्या आमच्या गावात नाटक मंडळ होतं आणि मी त्याचा तालीम मास्तर — नाटक बसवणारा. ऐंशी सालानंतरची गोष्ट. माझी धाकटी बहीण शांता तेव्हा सतरा वर्षांची. वडील नव्हते, घरात मीच थोरला. तिचे वरचे दात पुढे आलेले, ओठ मिटायचे नाहीत. मी तिला विनोदी कामं द्यायचो. ती नुसती समोर आली की मंडप हसायचा — एक शब्द बोलायच्या आधीच. दुसऱ्या गावचे लोक नाटक ठरवायला आले की पहिलं विचारायचे, "दातवाली हाय ना, मास्तर?" आणि मी? मी ऐटीत मान हलवायचो.

नागपुरात तार लावून दात मागे घेतात, हे तिनेच कुठून तरी ऐकलं. फार मागे लागली म्हणून नेलं. गाडीत म्हणाली, "तोंडात तार लावली त मी रेडिओच होईन, भाऊ. घरीच बातम्या लागतीन." हसली. मग हळूच — "दात सरळ झाले त मले नायिकेचं काम देशीन ना?"

"पाहू," म्हणालो.

डॉक्टरांनी तपासलं, तिला बाहेर बाकावर बसवलं आणि मला नीट समजावलं. दोन वर्षं तार. महिन्याला एक खेप. सुरुवातीला दुखेल, गाल सोलतील, फुटाणे-ऊस बंद, बोलणं थोडे दिवस अडखळेल. पण ओठ मिटतील, घास नीट चावता येईल, कुठे पडली तर समोरचे दात मोडायची भीती कमी. वय योग्य आहे, म्हणाले. सरकारी दवाखाना होता — पैशाची सबबसुद्धा मला नाही.

दारापासून त्या बाकापर्यंत किती पावलं असतील? तेवढ्यात माझं ठरलं. मी तिला त्रास सगळे सांगितले, फायदा एकही नाही. तरी ती म्हणाली, "सोशीन मी." तेव्हा मी खोटं जोडलं — तुझ्या दातांची मुळं कच्ची आहेत, तार लावली तर दात गळतील, असं डॉक्टर म्हणतात.

"सारेच?"

"सारेच."

"मंग राहू दे," ती उठली. आणि मलाच समजावू लागली — "तू काऊन तोंड पाडून राह्यला, भाऊ?"

त्या हिवाळ्यात मंडप पुन्हा हसला. त्यानंतर आणखी चार हिवाळे. नायिकेचं काम तिला मी एकदाही दिलं नाही. मग तिला सिंदेवाहीला दिली.

तिच्या मुलीचेही दात तसेच आले. शाळेत तपासायला आलेल्या डॉक्टरांनी तार सुचवली. मुलीने घरी येऊन सांगितलं, तेव्हा शांतेनेच नको म्हटलं. "आमच्या घरी मुळंच कच्ची असतेत. माह्या भावानं नागपूरले विचारलं हाय." हे ती माझ्यादेखत बोलली. माझ्या हातात चहाचा कप होता. मी चहा प्यालो.

मागच्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. मी तीनदा गेलो, उशाशी बसलो. तिसऱ्यांदा तिनेच विचारलं, "काई सांगाचं हाय का, भाऊ?"

"नाई," म्हणालो.

शांते, डॉक्टर तसं बोललेच नव्हते, ते मी बोललो, मी चुकलो — एवढंच वाक्य मी घरून पाठ करून गेलो होतो.