उतारावरची दोरी

माझे काका काचेचे व्यापारी आणि काकू त्यांच्या हातगाडीचा ब्रेक. पुढे दांडा धरून काका, मध्ये उभ्या बांधलेल्या काचा आणि मागे हाताला फडकं गुंडाळून दोरी धरलेली काकू. दुकानापासून बाजारापर्यंत सगळा उतारच. गाडी एकाच चालीने उतरायची, म्हणून काका चारचौघांत सांगायचे, "ही नुसती मागून फिरायला येते!" इकडे काकूचा जीव रोज टांगणीला.

एकदा उतारावर असतानाच त्यांनी हे एका गिऱ्हाइकाला ऐकवलं. काकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने दोरी सैल सोडली. गाडीने काकांच्या पाठीत ढुशी दिली, काचा खडखडल्या, काका पळत सुटले. काकूच्या काळजात धस्स झालं. तिने टाचा रोवून रोजच्यापेक्षा जास्त जोर लावला, तेव्हा कुठे गाडी ताळ्यावर आली.

खाली पोचल्यावर धापा टाकत ती म्हणाली, "उतार गाडीला खाली खेचतो. चाकं घासूनही जो जोर उरतो, तेवढाच मी मागे ओढते. दोन्हीकडचं फिटलं की चाल बदलत नाही आणि तुम्हाला वाटतं, मागे कुणी काही करतच नाही!"

आता गाडी अगदी सुरळीत उतरायला लागली, की काकांना घाम फुटतो. मान वळवायची हिंमत नसते.

"आहेस ना गं?"

काकू मुद्दाम जरा उशिराच ओ देते.